चिलीम ओढणारे चाळीस वाघ

शुद्धलेखनाच्या चुकांबद्दल आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. चौथीची परीक्षा दिली, पण निकाल आणायला गेले नाही, कारण त्याच आठवड्यात धाकटा भाऊ झाला आणि घरी राहायला कुणीतरी हवं होतं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही आणि अक्षर तर माझं मलाच दुसऱ्या दिवशी लागत नाही. माझी भाची आमच्या गावच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम बघते. ती म्हणाली, "खाला, तू सौदीत वाघ बनवायचीस ते लिही. मी नीट करून घेईन." मी हो म्हटलं. मी सगळ्यांनाच हो म्हणते, तो माझा जुना रोग आहे. लिहून झाल्यावर तिला देईन की नाही ते अजून ठरवलेलं नाही. सध्या तरी दुपारी घरातले सगळे झोपले की मी माझ्यापुरतं लिहिते.

वाघ म्हणजे धूपदाणी. तिकडे तिला मबखरा म्हणतात. सौदी घरात पाहुणा उठायच्या बेतात आला की निखाऱ्यावर ऊदाचा तुकडा ठेवून मबखरा फिरवतात. पुरुष धूर दाढीला घेतात, बायका केसांना आणि अबायाला घेतात, आणि मग निघायचं असतं. बाजारात लाकडाचे, पितळेचे मबखरे ढिगाने मिळतात. आमचे मातीचे होते, हाताने घडवलेले, आणि कोरियाच्या लोककथांमधले. जेद्दाच्या बलदमध्ये, म्हणजे जुन्या शहरात, एका बोळात दुकान होतं. पुढे काउंटर, मध्ये पडदा, आणि पडद्यामागे मी.

रत्नागिरीच्या बाईचा कोरियाशी संबंध काय, असं सगळे विचारतात. संबंध मदामचा. आम्ही नवरा-बायको एकाच घरात कामाला होतो. आमचे हे गाडीवर, मी घरकामाला. मदाम म्हणजे घरच्या मालकीण, आमच्या कफील, म्हणजे आमचा व्हिसा त्यांच्या नावावर. त्यांच्या शेजारी कोरियन इंजिनियरचं कुटुंब राहायला आलं. त्या बाईंना सगळे मिसेस हान म्हणत. त्यांना मातीकामाचा नाद होता आणि घरात विजेची छोटी भट्टी होती. मदाम त्यांच्याकडून शिकायला लागल्या. मी चहा घेऊन जायची आणि बघत उभी राहायची.

बघून माझा जीव जायचा. मदाम कपाला कान लावायच्या तो नुसता चिकटवायच्या. दोन्हीकडे ओरखडे काढून, मधे पातळ चिखल लावून दाबला नाही तर कान सुटणारच. आमच्या गावच्या घरामागे कुंभारांची चार घरं होती. तिथल्या पारूमावशीने मला लहानपणी थापी हातात दिली होती. भावाला कडेवर घेऊन मी दिवस दिवस तिच्या अंगणात बसायची. एकदा मदाम आणि मिसेस हान जेवायला आत गेल्या तेव्हा मला राहवलं नाही. मी सहाही कपांचे कान काढले आणि नीट बसवले. सहाव्याला पकडली गेले. मला वाटलं आता घरी पाठवतील. मिसेस हान यांनी कान ओढून बघितला, मग माझे हात उलटेपालटे करून बघितले आणि मदामना खुणा करत काहीतरी म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून माझं लादी पुसणं निम्म्यावर आलं.

त्याच सुमारास सौदी बायकांनी स्वतःचे धंदे काढावेत अशी हवा होती. मदामनी दुकान काढलं, मागे तशीच भट्टी बसवली, माझ्या इकाम्यावरचं, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावरचं, काम बदलून घेतलं आणि त्याला किती खर्च आला ते मला दर महिन्याला सांगितलं. परदेशी माणसामागे सरकारात भरायची फी वर्षागणिक वाढत होती, तेही सांगायच्या. त्याच दिवसांत बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली. मदाम तीन महिन्यांत शिकल्या. आमच्या ह्यांनीच त्यांना वळणं घ्यायला शिकवली. पुढे त्याच शिकवणीपायी ह्यांची नोकरी गेली. स्वतःच्या हाताने स्वतःचं तिकीट काढणारा नवरा मी दुसरा बघितला नाही.

आता रगदविषयी. दुकानाच्या काउंटरवर सौदी माणूसच हवा, असा नियम आला होता. परदेशी माणूस गिऱ्हाइकाशी सौदा करताना दिसला तर दंड. म्हणून मदामनी बावीस वर्षांची रगद ठेवली. मुलगी वाईट नव्हती. पण तिने आयुष्यात कधी निखारा पेटवला नव्हता. तिच्या घरी ते काम मोलकरीण करायची. ती यायची अकराला, कॉफी मागवायची, एसी इतका थंड करायची की पडद्याच्या बाजूला ठेवलेले माझे ओले वाघ एका अंगाने वाळून वाकडे व्हायचे. मी उठून एसी कमी करायची. ती परत वाढवायची. आम्ही दोघींनी दोन वर्षं एकमेकींना एक शब्द न बोलता हे केलं.

पण तिच्याशिवाय आमचं चालतही नव्हतं, कारण मिसेस हान यांचं बोलणं फक्त तिला कळायचं. रगद कोरियन मालिका बघून कोरियन शिकली होती. मालिका बहुतेक राजेरजवाड्यांच्या असाव्यात, कारण मिसेस हान तिचं बोलणं ऐकून तोंडावर हात ठेवून हसायच्या. एकदा मला समजलं की "भट्टी बंद करा" हे तिने "महाराज, आपला क्रोध आवरावा" असं सांगितलं होतं.

मिसेस हान चित्रं काढून गोष्टी सांगायच्या, रगद त्या अरबीत सांगायची, आणि मला समजेल तेवढं मी मातीत करायची. त्यांच्याकडे म्हणे गोष्ट सुरू करताना सांगतात, फार पूर्वी, वाघ चिलीम ओढायचे त्या काळात. चित्रात वाघ ऐटीत बसलेला, हातात ही लांब नळीची चिलीम, आणि शेजारी ससा ती पेटवून देतोय. मी चित्र बघितलं आणि मला धूपदाणी दिसली. वाघाच्या पोटात निखारा, पाठीवर झाकण, धूर नाकातून आणि चिलमीतून. मिसेस हान यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला चांगली महागात पडली, कारण चिलमीची नळी हा जगातला सगळ्यात वैतागाचा प्रकार आहे. वाघाचं पोट जाड, ते सावकाश वाळतं. नळी बारीक, ती आधी वाळते आणि तडकते. म्हणून नळीला ओल्या फडक्याच्या पट्ट्या गुंडाळायच्या, दर दोन तासांनी ओल्या करायच्या, आणि पोट वाळून तिच्या बरोबरीला येईपर्यंत चार दिवस तिची अशी बाळंतिणीसारखी सेवा करायची. मग कच्ची भाजणी, मग झिलई, मग पक्की भाजणी. एवढं करून दहातले सात हाती लागायचे.

आम्ही आणखी एक प्राणी केला होता. कोरियन गोष्टींमधला भुतासारखा, एका शिंगाचा, हातात सोटा. जुन्या टाकून दिलेल्या केरसुणीचं ते भूत होतं म्हणे, आणि ते लोकांच्या खोड्या काढतं पण मनाने चांगलं असतं. मला ते आवडलं होतं. बारा केले. पहिल्याच दिवशी एका वयस्कर बाईंनी हातात घेऊन विचारलं, "हे काय आहे?" रगदने मोठ्या उत्साहाने सांगितलं, "खाला, हा कोरियाचा जिन्न आहे. यात ऊद टाकला की तोंडातून धूर काढतो." बाईंनी तो खाली ठेवला, काहीतरी पुटपुटत अंगावर फुंकर मारली आणि दारातून उलट्या पावली गेल्या. ही बातमी बोळभर पसरली. मदामनी पडद्याआड येऊन मला सांगितलं, "शिंगं काढ." मी तीन दिवस बसून बारा शिंगं कानशीने घासली आणि त्यांचे म्हातारे केले. ते खपले. एकाने तर आपल्या आजोबांसारखा दिसतो म्हणून घेतला.

वाघाच्या डोळ्यांचंही तसंच. सजीवाचा चेहरा घरात नको असं मानणारे पुष्कळ. मी स्वतःही त्यातलीच. पहिल्या वाघाला डोळे काढताना माझा हात अडखळला होता. शराफिया मोहल्ल्यात आमच्या खोलीवर मी ह्यांना विचारलं, "चालतं का ओ हे?" ते म्हणाले, "डोळे काढू नको, झाला." मी डोळे काढले नाहीत. मिसेस हान आल्या, बिनडोळ्यांचे सहा वाघ बघितले आणि त्यांचे स्वतःचे डोळे भरून आले. रगदने भाषांतर केलं, "त्या म्हणतात, वाघाला आंधळा करणाऱ्या राज्यात मी राहणार नाही." शेवटी मी डोळ्यांच्या जागी दोन वाकड्या रेघा ओढल्या. चिलमीच्या सुखात वाघाने डोळे मिटलेत. मिसेस हान खूश, मदाम खूश, गिऱ्हाईक खूश. माझ्या आयुष्यात सगळे एकदम खूश होण्याचा तो एकच प्रसंग, म्हणून लिहून ठेवते.

आता मुख्य गोष्ट.

सुरुवातीला वाघ घ्यायच्या त्या रगदच्या वयाच्या मुली. कोरियाचं वेड. त्या वाघाला घरी नेऊन कपाटात ठेवायच्या, फोटो काढायच्या. पेटवत कुणी नव्हतं, आणि हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मदामच्या घरी एक वाघ होता. तो रोज पेटायचा, पण पेटवायची मी. मिसेस हान यांच्या घरी होता, तो त्या पेटवायच्या. आम्ही दोघी पेटवताना आधी वाघाच्या पोटात तीन बोटं राख घालायचो आणि राखेवर निखारा ठेवायचो. आमच्या घरी लोबान असाच जाळायचे, आईच्या आधीपासून. कोरियातही राखेवरच ठेवतात. राख न घालता निखारा ठेवायचा, हे माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. चुलीवर भांडं ठेवण्याआधी त्यात काहीतरी घालावं, हे कुणी कुणाला सांगतं का?

पण सौदी घरात मबखऱ्याला आत पत्र्याची वाटी असते. लोक निखारा सरळ वाटीत टाकतात. आमच्या वाघाला वाटी नव्हती.

खमीस मुशैतहून एक बाई आल्या. तिकडे डोंगरात थंडी असते. बाई उंच, आवाज मोठा, अंगावर लोकरीची शाल. नाव उम्म साद. मुलीचं लग्न होतं आणि घरच्या चाळीस बायकांना भेट म्हणून चाळीस वाघ हवे होते. दोनशे रियालला एक. मी पडद्यामागे चिलमीची फडकी भिजवत होते. उम्म साद यांनी विचारलं, "निखारा सोसतो ना?"

रगद म्हणाली, "सगळं सोसतो, खाला. भट्टीतून आलाय."

"फुटला तर?"

"फुटला तर सगळे पैसे परत. लिहून देते."

आणि तिने दिलं लिहून, दुकानाच्या शिक्क्यासह. मी ऐकत होते. राखेचं सांगायला हवं, असं तेव्हा मनात आलं असतं तरी मी बाहेर गेले नसते, कारण गिऱ्हाइकाशी बोलायची मला मनाई होती, आणि खरं सांगायचं तर त्या मनाईवर मी खूश होते. माणसांशी बोलायचं नाही यासाठी सरकारचा नियम मिळालेली माझ्यासारखी मीच. पण मनात आलंच नाही. निखारा सोसतो ना, तर सोसतो, राखेवर. मी फडकी पिळत बसले.

चाळीस वाघांना अडीच महिने लागले. सत्तावन्न केले तेव्हा चाळीस मिळाले. त्याच काळात मिसेस हान यांच्या नवऱ्याचं कंत्राट संपलं आणि त्या कोरियाला परत गेल्या. जाताना त्यांनी मला आपली लाकडी पट्टी आणि तासणी दिली. आमच्या ह्यांची नोकरीही तेव्हाच संपली. आमचं ठरलं होतं की चाळीस वाघ झाले की दोघांनी एकदमच गावी जायचं. पुरे झालं म्हणून. लेक बाळंतपणाला येणार होती, घराला पत्रे घालायचे होते.

लग्नाच्या रात्री उम्म साद यांना वाटलं, भेटी नुसत्या द्यायच्या कशाला, पेटवूनच द्याव्यात. बायकांच्या हॉलमध्ये चाळीस वाघ मांडले आणि प्रत्येकाच्या पोटात लालभडक निखारा टाकला. थंड हवा, कोरडी माती, वर निखारा. अकरा वाघ बसल्या जागी टक टक करून फुटले. एकाचा निखारा भाड्याच्या टेबलक्लॉथवर पडला. नवरीच्या आत्याने त्यावर सरबत ओतलं. कुणाला लागलं नाही, ही वरच्याची मेहेरबानी. उरलेले एकोणतीस कुणी हातात घ्यायला तयार नव्हतं.

उम्म साद यांचा फोन आला तेव्हा तो रगदने स्पीकरवर ठेवला होता. मला ते सगळं पडद्यामागे ऐकू आलं आणि "बिनराखेचा" एवढं एकच माझ्या तोंडून निघालं, तेही मराठीत.

मदाम पडद्याआड आल्या. हातात रगदने लिहिलेल्या कागदाचा फोटो. आठ हजार रियाल. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "भाडं दोन महिन्यांचं थकलंय. फी भरायची आहे. रगदला मी काही बोलले तर ती उद्या येणार नाही, आणि सौदी मुलगी काउंटरवर नसेल तर परवा दुकान बंद. मी काय करू?" मग विचारलं, "हे तुझ्या हातचे होते ना?"

माझ्याच हातचे होते. मी मान हलवली.

"मग तूच सांग, कुणी भरायचे?"

इथे बोलायला हवं होतं. मदाम, माल चांगला होता, वापर चुकला. मदाम, तुमच्या घरी तोच वाघ दोन वर्षं जळतोय. मदाम, लिहून मी दिलं नव्हतं. सगळी वाक्यं मला अरबीत येत होती. मी त्या वेळी जमिनीकडे बघत परत एकदा मान हलवली आणि आठ हजार रियाल माझ्या अंगावर आले.

महिन्याला चारशे कापायचे, वीस महिने. मदाम ते खमीसला पाठवणार. फिटले की माझी सुटी आणि कायमचं जाणं. उम्म साद हप्त्यांना तयार झाल्या.

खोलीवर आल्यावर ह्यांना सांगितलं. ते बॅग भरत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बॅगेतलं सामान परत बाहेर काढायला लागले. मी म्हटलं, "तुमचा व्हिसा संपतोय. तुम्ही जा."

"आणि तू?"

"वीस महिने."

"अगो, तुका तोंड दिलाय तो कशाला? पान खायला?"

"मी पान खात नाय."

"तेच तर. बोलत नाय, खात नाय. वीस महिने बसून मान हलव आता." मग त्यांनी माझी पाण्याची बाटली, चप्पल, लोणच्याची बरणी सगळं एका कोपऱ्यात नीट लावून ठेवलं आणि दोन दिवसांनी एकटे गेले. लेकीला मुलगा झाला तो मी फोनवर बघितला.

आता जे केलं त्याचं मलाच हसू येतं. माझे वाघ फुटके म्हणून खमीसला बसलेत, हे मला झोपू देईना. पैसे जात होते त्याचं दुःख होतंच, पण ते वेगळं. पारूमावशी पाण्याच्या मडक्याची माती वेगळी करायची आणि चुलीवरच्या भांड्याची वेगळी. चुलीवरच्या मातीत ती जुन्या भाजलेल्या खापऱ्यांचा चुरा घालायची. चुरा एकदा आगीतून गेलेला असतो, तो परत आकसत नाही, आणि बाकीच्या मातीलाही सांभाळून घेतो. मी भट्टीत बिघडलेल्या सतरा वाघांचा खलबत्त्यात चुरा केला. तो नव्या मातीत मळला आणि त्याच्या छोट्या वाट्या थापल्या, खाली तीन बुटके पाय. वाटी वाघाच्या पोटात सुटी ठेवायची. तिच्याखालून हवा खेळते, निखाऱ्याची धग वाघाला लागत नाही. राख घाला नाहीतर घालू नका. एक वाटी मी पेटत्या निखाऱ्यावरून उचलून ओल्या फडक्यावर ठेवून बघितली. चर्र झालं, तडा गेला नाही.

चाळीस वाट्या केल्या. फुटलेल्यांच्या जागी अकरा वाघ नवे केले, कामाच्या वेळेनंतर, मदामची परवानगी घेऊन. खोक्यात कागद भरून सगळं खमीसला जाणाऱ्या ट्रकवर चढवलं. भाडं माझं. रगदला मी पहिल्यांदाच काहीतरी सांगितलं, "लिहून दे. वाटी आत ठेवा, मग निखारा." तिने चाळीस चिठ्ठ्या लिहिल्या आणि प्रत्येक चिठ्ठीवर छोटा वाघ काढला. वाघ चांगले काढले होते. त्यानंतर एसीचं भांडण आम्ही तात्पुरतं थांबवलं.

फोनवर ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "थांब, मला समजू दे. पैसे पण तूच परत देतेस, आणि माल पण तूच परत देतेस?"

"फुटका माल कसा ठेवायचा लोकांकडे?"

"मग पैसे थांबव."

"ते कसं सांगू?"

"तोंडान," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

खमीसहून काहीच आलं नाही. ना पोचल्याचं, ना वाईट, ना बरं. हप्ते कापले जात राहिले. पुढचे सगळे वाघ मात्र वाटीसकट विकले जाऊ लागले आणि आता लोक ते पेटवायलाच नेत. महिन्याला वीसेक जायचे. दुकानाचं भाडं सुटलं. कापणं सुटलं नाही. मदाम विसरल्या होत्या असं नाही. दर महिन्याला पाकीट देताना त्या खाली बघायच्या. मीही खाली बघायची. दोघी मिळून आम्ही त्या लादीचा चांगला अभ्यास केला.

विसावा हप्ता गेला त्याच आठवड्यात उम्म साद स्वतः दुकानात आल्या. उमऱ्याच्या यात्रेला मक्केत आल्या होत्या, तिथून जेद्दाला. मदाम त्या दिवशी हजर होत्या. मी आत एका वाघाचे मिटलेले डोळे कोरत होते.

"पैसे पोचले, खलास," उम्म साद म्हणाल्या. "तुम्ही शब्दाचे पक्के निघालात. आणि त्या वाट्या कुणी काढल्या? माझ्या घरी दर शुक्रवारी वाघ पेटतो. माझ्या नणंदेकडे, जावेकडे, सगळ्या चाळीस घरी. लग्नातल्या गमतीसाठी बायका अजून पाहुण्यांना दाखवतात. माझ्या बहिणीला सहा हवेत."

"सहा," रगद म्हणाली आणि खोकी काढायला वाकली.

चाळीसही घरी. पेटतोय. मी तासणी खाली ठेवली. मला आठवतंय की मी उठायचं ठरवलं नव्हतं. पडदा बाजूला करून मी काउंटरच्या पुढे येऊन उभी राहिले, जिथे दुकान निघाल्यापासून कधी गेले नव्हते. हात कोपरापर्यंत मातीचे.

"खाला," मी म्हटलं, "वाघ परत द्या."

उम्म साद यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कोणते वाघ?"

"चाळीस. तुम्ही सगळे पैसे परत घेतले. मग वाघ माझे."

"तुझे कसे? दुकानाचे."

"पैसे दुकानाचे नव्हते. माझ्या पगारातले. वीस महिने." माझा आवाज मलाच कुणा दुसऱ्या बाईसारखा लागत होता. "माझा नवरा घरी गेला. मी राहिले. आता पैसे फिटले, मला जायचंय. वाघ द्या, घेऊन जाते."

 रगद खोकी हातात धरून तशीच वाकलेली. उम्म साद यांनी मदामकडे बघितलं. "हे खरं?"

मदाम लादीकडे बघायला लागल्या.

उम्म साद गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसल्या. शाल खांद्यावरून काढून मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "मला वाटलं, दुकान देतंय. दुकानाने लिहून दिलं होतं म्हणून मी घेत राहिले." मग हळू आवाजात, बहुतेक स्वतःशीच, "वस्तूही माझ्या घरात आणि तिची किंमतही माझ्या घरात. आणि त्याच धुरात मी नमाजाला उभी राहते."

त्यांनी बाहेर गाडीत बसलेल्या मुलाला फोन केला आणि बँकेच्या मशीनवर पाठवलं.  तो येईपर्यंत रगदने मला तिची कॉफी दिली. मी कॉफी पीत नाही, पण घेतली.

मुलगा आला. पाचशेच्या नोटा. मदामनी सवयीने हात पुढे केला, कारण काउंटरवरचे पैसे घ्यायचा माझा हक्क नव्हता. उम्म साद यांनी त्यांचा हात बाजूला केला, माझा मातीचा हात ओढून उघडा केला आणि त्यावर एकेक नोट ठेवत मोठ्याने मोजू लागल्या. आठव्या नोटेला मदामनी मान वर केली. बाराव्याला रगदही त्यांच्याबरोबर मोजायला लागली. सोळा नोटा झाल्या.

"पूर्ण?" उम्म साद यांनी विचारलं.

मी मान हलवली नाही. नोटा काउंटरवर ठेवल्या, सगळ्यांच्या देखत पहिल्यापासून परत मोजल्या, आणि मग म्हटलं, "पूर्ण."